घरचं सफरचंद

कोंडीराम स्टुलावर चढून सफरचंदाच्या झाडाची पानं तोडत होते. एकेक पान, देठापासून, अलगद. तोडलेलं पान ते मुद्दाम झाडाच्या बुडाशीच टाकत होते, म्हणजे झाडाला वाटावं की ते आपणहून गळलं. डिसेंबरातली सकाळ होती. अंगात स्वेटर, डोक्याला टोपी आणि टोपीवरून मफलर. झाडाला थंडी वाजो न वाजो, त्यांना वाजत होती.

मागच्या दाराच्या पायरीवर द्वारकाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. सत्तरीतला नवरा स्टुलावर चढलाय म्हटल्यावर त्यांचं अर्धं लक्ष मेथीत आणि अर्धं स्टुलाच्या चौथ्या पायात होतं. तो पाय दिवाळीपासून हलत होता.

“जावळ काढताय का त्याचं?”

“पानगळ करतोय.”

“पानगळ आपली आपण हुतीय. कुणी करीत न्हाई.”

“पुण्यात होत न्हाई, म्हणून तर करायची. रावसाहेबांनी सांगितलंय.”

रावसाहेब म्हणजे सुनेचे वडील. कृषी खात्यातून निवृत्त झालेले, राहायला कोथरूडला. त्यांनी सांगितलं होतं हे खरं, पण कसं सांगितलं होतं तेही द्वारकाबाईंनी ऐकलं होतं. मागच्या रविवारी ते जेवायला आले होते. जेवण झाल्यावर हात धुवायला मागच्या अंगणात गेले आणि झाडासमोर उभं राहून दात कोरत म्हणाले,

“अहो, झाडाला कळायला तर हवं थंडी आली म्हणून! काश्मीरात पानं गळतात, बर्फ पडतो. तेव्हा आपण आता असं करा, एकेक पान हातानं तोडा आणि बुडाशी बर्फ घाला. म्हणजे त्याला वाटेल, आलं श्रीनगर.”

कोथरूडमध्ये याला टोमणा म्हणतात. विश्रांतवाडीत कोंडीरामांनी तो सल्ला म्हणून घेतला. सरकारी अधिकारी, तोही शेतीखात्यातला, त्यात व्याही. असा माणूस पोटभर पुरणपोळी खाऊन वर खोटं कशाला बोलेल?

पानं संपली तसे ते रिक्षा करून गेले आणि गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन आले. लादी मासळीवाल्याकडची होती. ती फोडून त्यांनी आळ्यात नीट पसरली, वर पालापाचोळा घातला. दुपारपर्यंत आसपासच्या पाच मांजरी झाडाभोवती गोल करून बसल्या. त्या तीन दिवस उठल्या नाहीत.

“श्रीनगरात मांजरं असत्यात का वो एवढी?” द्वारकाबाईंनी विचारलं.

कोंडीरामांनी आळ्यातला पालापाचोळा आणखी सारखा केला. संध्याकाळी सून नीरजा लॅपटॉप मिटवून मागच्या अंगणात आली, बोडकं झाड आणि मांजरी बघून हसून हसून खाली बसली. मग तिनं फोन काढला, बराच वेळ वाचलं आणि तिचा चेहरा पडला.

“आई, बाबा चेष्टा करत होते. पण हे खरंच करतात लोक. गरम भागात पानं हातानं काढली ना, की झाडाला वाटतं हिवाळा झाला. मग फुलं येतात.”

“आणि बर्फ?”

“बर्फाचं कुठेच नाही लिहिलेलं.”

द्वारकाबाईंच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला. फुलं येतात म्हणजे काय? फुलं आली तर फळ येणार. आणि फळ आलं तर ते खावं लागणार. आणि सफरचंद तर त्यांना खाता येत नव्हतं.

ही भानगड जुनी होती. तिची सुरुवात पेरूपासून झाली होती.

मुलाच्या, म्हणजे पृथ्वीराजच्या, बाळंतपणाला द्वारकाबाई दवाखान्यात होत्या, त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा रोज येऊन तिला सफरचंद चिरून द्यायचा. पातळ पातळ फोडी, बशीत मांडून. तीन दिवस बघितल्यावर द्वारकाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याकडे काही मागितलं. मंडईत मिळतात, येताना एक आणा. कोंडीरामांच्या घरात तेव्हा एक नियम होता, त्यांच्या वडिलांपासूनचा. शेतकऱ्याच्या घरात फळ विकत आणायचं नाही. शेतात होईल ते खायचं, नाही झालं तर पुढच्या हंगामाला खायचं. दुसऱ्या दिवशी ते पंच्यात बांधून तीस पेरू घेऊन आले. “इकत कशाला? घरचं हाय,” म्हणाले आणि छाती पुढं काढून उभे राहिले. नर्सनं सगळ्या वॉर्डासमोर त्यांची खरडपट्टी काढली. बाळंतिणीला पेरू देतात का, अक्कल गहाण ठेवली का, असं बरंच बोलली आणि ते गाठोडं पायानं खाटेखाली ढकललं. कोंडीराम खाली मान घालून निघून गेले. पुढं त्या पेरूंचं काय झालं ते त्यांनी कधी विचारलं नाही.

मग अकरा वर्षांपूर्वी द्वारकाबाई नणंदेबरोबर, वेणूबाईंबरोबर, काशीला गेल्या. काशीला गेलं की आवडीचं काहीतरी सोडून यायचं असतं, एकदा गंगेत उभं राहून सोडलं की जन्मभर तोंडात घालायचं नाही. वेणूबाईंनी कारलं सोडलं. कारलं त्यांनी त्याआधीही कधी खाल्लं नव्हतं. बसमधल्या निम्म्या बायकांनी दोडका सोडला. गंगेलासुद्धा कंटाळा आला असेल. द्वारकाबाई पडल्या सरळ. आवडीचं म्हणजे आवडीचंच हवं. आंबा सोडायची छाती होईना. मग त्यांना सुचलं, सफरचंद! आवडतं तर खरं, आणि आपल्या घरात जन्मात येणार नाही. पुण्यही मिळालं, काही गेलंही नाही. एवढी हुशारी त्यांना आयुष्यात पुन्हा कधी सुचली नव्हती.

घरी आल्यावर कोंडीरामांनी विचारलं, काय सोडलंस? सफरचंद म्हणावं तर तो टोमणा झाला असता, पेरूची आठवण निघाली असती. म्हणून त्या पटकन म्हणाल्या, “राग सोडला.” कोंडीराम अकरा वर्षं हे पाहुण्यारावळ्यांना सांगत आले. आमची मंडळी काशीत राग सोडून आली, म्हणायचे. ऐकणारे द्वारकाबाईंकडं बघायचे आणि विषय बदलायचे.

आणि तीन वर्षांपूर्वी द्वारकाबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. रावसाहेब भेटायला आले ते पिशवीभर सफरचंदं घेऊन. नीरजानं चिरली, बशीत मांडली, सगळ्यांनी खाल्ली. द्वारकाबाईंनी बशी हातानं लांब केली. कोंडीराम भिंतीला टेकून हे बघत होते. त्यांना वाटलं, अडतीस वर्षं झाली, बाईच्या मनातून तो पेरू गेला नाही. इकतचं सफरचंद तोंडाला लावत नाही म्हणजे काय? ते खाटेजवळ आले.

“घरचं लागलं तर खाशील?”

पोटावर टाके, हाताला सलाईन, समोर व्याही. अशा वेळी कुणी काशीपासून गोष्ट सांगत बसतं का? आणि विश्रांतवाडीत सफरचंद लागायचं म्हणजे बोकडाला दूध येण्यासारखंच.

“खाईन की,” द्वारकाबाई म्हणाल्या. “लागू तर द्या.”

“बिनधास्त कबूल व्हा, विहीणबाई,” रावसाहेब म्हणाले. “पुण्यात सफरचंद फक्त मंडईत लागतं. ह्यांच्या अंगणात लागलं तर मी तिथं उभा राहून चारचौघांत म्हणेन, चुकलो म्हणून.”

पुण्यात चुकलो म्हणणारा माणूस सफरचंदापेक्षा दुर्मीळ. कोंडीरामांनी दुसऱ्याच आठवड्यात रोप आणलं. पाच एकर शेत टॉवरखाली गेलं होतं, जिथं ज्वारी व्हायची तिथं आता पोहायचा तलाव होता, पेरूचं झाड होतं तिथं पार्किंग. बंगल्यामागं उरलेल्या दीड गुंठ्यात त्यांनी खड्डा घेतला. नर्सरीवाल्यानं सांगितलं, उशिराचं झाड आहे, फळ आलं तर श्रावणात पिकेल, घाई करू नका. कोंडीरामांना घाई नव्हतीच. द्वारकाबाईंना तर त्याहून नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटी बोडक्या फांदीवर कळ्या आल्या. आधी गुलाबी, मग पांढरी फुलं. कोंडीरामांनी पहिला फोन कोथरूडला लावला.

“रावसाहेब, तुमचा बर्फ लागू पडला!”

पलीकडं टीव्हीचा आवाज कमी झाला. मग रावसाहेब म्हणाले, “अहो, कुठला बर्फ?”

कोंडीरामांनी सांगितलं. मांजरींसकट सांगितलं. रावसाहेबांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत दिलेले सल्ले कुणी मानले नव्हते. पहिला मानला गेला तो हा.

त्या दुपारी द्वारकाबाई नीरजाच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. नीरजानं कानातले इअरफोन काढले. द्वारकाबाईंनी तिला काशी सांगितली. नीरजाचा चेहरा आधी हसरा होता, मग नव्हता.

“मग सांगा ना अण्णांना सरळ.”

“काय सांगू? तुमी कधी आणणार न्हाई याची खात्री हुती, म्हणून सोडलं? तीन वर्सं झाली, रोज दोन टाइम त्या झाडाशी बोलतोय माणूस. माझ्याशी एवढं बोलला न्हाई कधी.”

“बरं. शब्द काय होते नक्की? पाण्यात उभं राहून काय म्हणालात? सफरचंद खाणार नाही, असंच? का विकतचं खाणार नाही?”

“सफरचंद सोडलं म्हणाले. दुसरं काय म्हणायचं असतंय?”

“अॅपल पाय चालेल का?”

“ते काय असतंय?”

“जाऊ दे. गंगेला सॉरी म्हणून टाकू.”

“गंगामाई काय तुमच्या हापिसातली हाय?” द्वारकाबाई उसळल्या. राग त्यांनी खरोखरच सोडलेला नव्हता. मग लगेच पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, “एकच मागणं हाय बघ देवाकडं. ते झाड फुलू दे, त्यांना बरं वाटू दे, पण फळ नको लागू दे.”

देवानं नीट ऐकलं नाही. पाच फळं लागली. पहिलं वळवाच्या वाऱ्यात गेलं. दुसरं खारीनं नेलं. तिसऱ्याला अळी लागली. चौथ्यावर आषाढात पोपट बसला आणि त्यानं ते पोखरून साल तेवढी ठेवली. दर वेळी कोंडीराम ताट बाजूला सारायचे आणि दर वेळी द्वारकाबाई “जाऊ द्या वो, मुक्या जनावराच्या पोटात गेलं” म्हणत त्यांच्या ताटात भाकरी वाढायच्या. मनातल्या मनात मोजायच्या, आता चार, आता तीन. आपण बायको आहोत का वैरीण, असं त्यांचं त्यांनाच वाटायचं.

एकच उरलं. हिरवंच होतं, लिंबाएवढं, मग मोसंबीएवढं. कोंडीरामांनी खुर्ची मांडली आणि तिथंच पेपर वाचायला सुरुवात केली. पाऊस आला की छत्री घेऊन बसायचे, म्हणजे छत्री झाडावर आणि स्वतः पावसात. शेजारच्या टॉवरमधली माणसं गॅलरीत उभी राहून चहा पिता पिता बघायची. एक बाई रोज अकराव्या मजल्यावरून ओरडून विचारायची, “काका, पिकलं का?” कोंडीराम मान वर करून हातानंच सांगायचे, अजून नाही.

आषाढाच्या शेवटी ते पासबुक भरून घ्यायला की कशाला बँकेत गेले. द्वारकाबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. एवढ्यात पोपट आला. हिरवागार, लाल चोचीचा. फांदीवर बसला, मान वाकडी करून सफरचंदाकडं बघितलं, एक पाऊल सरकला.

द्वारकाबाई जागच्या हलल्या नाहीत. अंगणात कुणी नव्हतं. काही करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. घे बाबा, त्या मनात म्हणाल्या. घे आणि सोडव मला. पोपट आणखी एक पाऊल सरकला. त्यांची नजर खुर्चीकडं गेली. खुर्चीवर कालचा पेपर होता, पावसानं भिजून फुगलेला, त्यावर चष्म्याची डबी ठेवलेली.

मग त्यांनी पायातली चप्पल काढली आणि हाणली. एक पोपटाला, तो उडाल्यावर दुसरी उगीचच.

“मेल्या! तीन वर्सं काय तुझ्यासाठी राबलाय व्हय रं माणूस?”

त्या अनवाणी घरात गेल्या, ट्रंकेतून चांगला जरीकाठी खण काढला, त्याची पिशवी शिवली आणि स्टुलावर चढून सफरचंदाला बांधली. चौथा पाय हलला, त्या पडल्या नाहीत. खाली उतरल्यावर त्यांना स्वतःचा इतका राग आला की त्यांनी दोरीवरचे वाळलेले कपडे पुन्हा धुतले.

श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी खण सोडला. आत सफरचंद पिवळसर होतं, एका गालावर लाली आली होती. हातात धरल्यावर देठ आपला आपण सुटला. कोंडीरामांनी फोन लावला, आणि साडेबारा वाजता रावसाहेब दारात हजर झाले.

“कोथरूडहून इथं यायचं म्हणजे मेट्रो लागते, रिक्षा लागते आणि वर इच्छाशक्ती लागते,” ते बूट काढत म्हणाले. “कुठं आहे ते?”

मागच्या अंगणात पाट मांडला होता. पाटावर पितळी ताट, ताटात सफरचंद, त्याला हळदीकुंकू. पृथ्वीराज फोनवर चित्रण करायला उभा होता. अकराव्या मजल्यावरची बाई चहा घेऊन गॅलरीत आली होती. द्वारकाबाईंनी नवं लुगडं नेसावं असा हुकूम होता, त्या नेसल्या होत्या. रात्रभर त्यांना झोप नव्हती. खावं तर गंगेशी खोटं, न खावं तर नवऱ्याशी. त्यांनी शेवटी ठरवलं होतं, खायचं. पाप लागेल ते लागू दे. म्हातारपणी कितीसं लागणार?

रावसाहेबांनी चष्मा पुसला. सफरचंद उचललं, वास घेतला, देठ बघितला, बूड बघितलं. सुरी मागवली आणि आडवं कापलं. आत पाच कप्प्यांची चांदणी, कप्प्यांत काळसर बिया. ते बराच वेळ बघत राहिले. मग ताठ उभे राहिले.

“सफरचंद आहे,” ते म्हणाले. “चुकलो मी.”

“जरा मोठ्यांदा,” कोंडीराम म्हणाले. “ह्याच्या फोनमधी येत न्हाई.”

“चुकलो!”

वरून टाळी वाजली. कोंडीरामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांना हसावं का रडावं कळेना, म्हणून त्यांनी सुरी घेतली. पातळ फोडी केल्या, एकेक. बशीत मांडल्या, गोल. अशा फोडी कुणी कधी मांडल्या होत्या ते द्वारकाबाईंना बरोबर आठवलं. यांनाही आठवत होतं तर! एक्केचाळीस वर्षं हे पोटात घेऊन माणूस हिंडतोय.

कोंडीरामांनी बशी त्यांच्यापुढं धरली.

“घे. तवा आणलं न्हाई. चुकलं माझं.”

पुण्यात एका दिवसात दोन माणसं चुकलो म्हणाली. आता या माणसाशी खोटं बोलून फोड तोंडात घालायची? द्वारकाबाईंचा हात पुढं गेला आणि तसाच मागं आला.

“अहो, मी सफरचंद सोडलंय.”

“कुठं?”

“काशीला.”

“काशीला तू राग सोडला हुतास.”

“राग न्हाई सोडला.”

“वाटलंच मला,” ते म्हणाले. “पण सफरचंद कशापायी?”

“घरात कधी येत न्हवतं. म्हटलं, सोडायला सोपं.”

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो ते. नीरजानं डोळे मिटून घेतले. पृथ्वीराजनं फोन खाली केला. कोंडीराम बशी धरून तसेच उभे होते. फोडी काळ्या पडायला लागल्या होत्या.

“सोपं,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

“तुमी खा की. मी बघते. मला बघूनच लई बरं वाटलं, शप्पत.”

त्यांनी मान हलवली. झाडाकडं बघितलं. मग रावसाहेबांकडं वळले.

“रावसाहेब, मगाशी तुमी काय म्हणाला?”

“चुकलो म्हणालो. आणखी किती वेळा म्हणू?”

“न्हाई. तुमी चुकला न्हवता.”

“म्हणजे?”

“पुण्यात सफरचंद लागत न्हाई. तीन वर्सं तुमी सांगत आला. मीच अडाणी, आयकलं न्हाई. तुमी शेतीखात्यातलं माणूस, तुमचं कसं चुकंल?”

“अहो, पाच कप्पे आहेत, बिया आहेत, मी स्वतः...”

“बाबा,” नीरजा म्हणाली. एवढंच म्हणाली.

रावसाहेबांनी तिच्याकडं बघितलं. मग विहीणबाईंच्या नव्या लुगड्याकडं, बशीकडं, कोंडीरामांच्या डोळ्यांकडं. तीन वर्षं ज्या एका शब्दासाठी हा माणूस पावसात बसला, तो शब्द मिळाल्याला पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि तो परत करत होता. रावसाहेबांनी खाकरून घसा साफ केला. चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला. सफरचंदाचा देठाकडचा तुकडा उचलून भर दुपारच्या उन्हात धरला.

“मगाशी उजेड नीट नव्हता,” ते म्हणाले. “आता बघतो तर, आकार बघा हा. रंग बघा. काश्मीरात याला कुणी दारात उभं करणार नाही. छे! हे कसलं सफरचंद?”

“मग काय हाय?” कोंडीरामांनी विचारलं.

रावसाहेबांनी विचार केला.

“पेरू म्हणा. विश्रांतवाडीचा पेरू.”

“आयकलंस?” कोंडीराम बायकोला म्हणाले.

द्वारकाबाईंनी एकदा नवऱ्याकडं, एकदा व्याह्यांकडं बघितलं. “गंगामाईनं इचारलं तर?”

“माझं नाव सांगा,” रावसाहेब म्हणाले. “छत्तीस वर्षं कृषी खात्यात होता म्हणावं.”

“लिहून द्या ना बाबा,” नीरजा म्हणाली.

“लेखी नाही.”

वरून आवाज आला, “काका, काय ठरलं? सफरचंद आहे ना?”

“पेरू हाय!” कोंडीराम आकाशाकडं बघून ओरडले.

द्वारकाबाईंनी फोड उचलली, कपाळाला लावली आणि तोंडात घातली. आंबट इतकी की त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. सगळे बघत होते. त्या सावकाश चावत राहिल्या, गिळलं, पदरानं ओठ पुसले.

“कसं हाय?” कोंडीरामांनी विचारलं.

“तुमी दवाखान्यात आणले हुते, ते गोड हुते.”

“ते तर नर्सनं...”

“नर्स झोपल्यावर खाल्ले की. सगळे. दोन दिवस पोट दुखत हुतं.”

कोंडीरामांनी खुर्चीवरचा पेपर उचलून खाली ठेवला आणि तिथं बसले. द्वारकाबाईंनी त्यांच्या हातातली बशी घेतली, स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि दुसरी फोड उचलली.